अनौपचारिक आधार

मला हवा होता फक्त एक माणूस. तोही शनिवारी सकाळपुरता. माझ्या बहिणीबरोबर धक्क्यावर जायचं, तिला गळ टाकून द्यायचा, मासा लागला तर वर ओढायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिला घरी आणायचं. बस्स. हे काम गेली कित्येक वर्षं मीच करत होतो, आणि माझ्या मते उत्तम करत होतो. या शेवटच्या मुद्द्यावर पुढे मतभेद निघाले, पण ते ओघाने येईलच.

मेरिलिन माझी धाकटी बहीण. नसांच्या आजाराने आधी तिचे पाय गेले, मग उजवा हात आळशी झाला. जीभ मात्र होती त्याहून धारदार झाली आहे. आमच्याच आवारात मागे बांधलेल्या दोन खोल्यांत ती राहते आणि विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरवरून गावभर हिंडते. ॲडलेडपासून दोन तासांवरचं आमचं गाव म्हणजे समुद्रात लांबवर घुसलेला एक लाकडी धक्का आणि त्याला टेकून बसलेली थोडीशी घरं. इथे माणसाची पत तो धक्क्यावरून काय घेऊन येतो यावर ठरते. मी उभी हयात गावातलं औषधांचं दुकान चालवलं, निम्म्या गावाच्या मूळव्याधीचं गुपित पोटात ठेवलं, तरी लोक मला ओळखतात ते 'ज्याच्या हातून तो मोठा मासा सुटला तो नॅनकिव्हल' म्हणून.

मार्चमधल्या एका शनिवारी मेरिलिनच्या खुर्चीचं पुढचं चाक धक्क्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत बसलं. ती म्हणाली, "थांब क्लेम, मी मागे घेते." मी म्हणालो, "तू बस गं, मी आहे ना," आणि खुर्ची तिच्यासकट उचलायला गेलो. माझ्या पाठीत काहीतरी कडकन वाजलं. मी कमरेत वाकलो तो वाकलेलाच राहिलो. मेरिलिनने एक बटण दाबलं, खुर्ची अलगद मागे आली आणि ती म्हणाली, "झालं? आता तुला कोण मागे घेणार?"

डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे उचलायचं ते चहाच्या कपापर्यंतच.

"आता तरी योजनेत नाव घाला," माझी बायको ग्लेनिस म्हणाली. सरकारने अपंगांच्या मदतीसाठी पैसे देणारी योजना काढली त्याला बरीच वर्षं झाली. मेरिलिन तेव्हापासून मागे लागली होती आणि मी तेव्हापासून 'मी असताना सरकार कशाला' असं म्हणत होतो. हा माझा स्वाभिमान होता. ग्लेनिसच्या मते तो हेकटपणा होता. दोन्ही गोष्टींची लक्षणं सारखीच असल्यामुळे रोगनिदान अवघड आहे.

"आणि त्यातलं काय कळायचं आहे आपल्याला?" मी म्हणालो. "माझ्या ओळखीतले तिघे त्या योजनेत गेले ते अजून बाहेर आलेले नाहीत."

"तू जन्मभर डॉक्टरांचं अक्षर वाचलंस," मेरिलिन म्हणाली. "घाबरतोस काय?"

इथे मी फसलो. अक्षराचा विषय काढला की मी फुगतो.

अर्ज गेला, डॉक्टरांचे दाखले गेले, जूनमधला आमचा हिवाळा आला, मेरिलिनचं नाव मंजूर झालं. आता कोणीतरी बाई घरी येऊन भेटणार असं कळलं. ही बातमी शेजारच्या डार्सी पॉल्किंगहॉर्नला आमच्या आधी कळली. डार्सी हा निवृत्त शेतकरी. जन्मभर बार्ली पिकवली, आता सल्ले पिकवतो, आणि हे पीक दुष्काळातही जोमाने येतं.

"गड्या, एक लक्षात ठेव," कुंपणावर कोपरं टेकवून तो म्हणाला. "घरात धडधाकट पुरुष दिसला की ते काही देत नाहीत. माझ्या मेहुणीच्या शेजारणीचं असंच झालं. नवरा दारात हसत उभा राहिला, मूर्ख. खलास! ती बाई येईल तेव्हा तू लंगड."

"माझी पाठ दुखते. मी लंगडू कशाला?"

"पाठ दिसते का? लंगडणं दिसतं."

हे तर्कशास्त्र मला त्या वेळी बिनतोड वाटलं.

बाई मंगळवारी आली. टॅमसिन पेंगेली तिचं नाव. तरुण, हसरी, पायात स्वच्छ पांढरे बूट. मी लंगडत दार उघडलं. माझी अशी समजूत होती की योजनेने माणूस पाठवला म्हणजे तोच आपला माणूस. शनिवार नसला तर नसला, मंगळवारी रंगीत तालीम होऊन जाईल. त्यामुळे मी तयारी करून ठेवली होती. मी फ्रीजमधला अळ्यांचा डबा काढला. आमच्याकडचे लोक लहान मासे धरायला जिवंत अळ्या वापरतात आणि त्या गारव्यात ठेवाव्या लागतात. लोणी उजवीकडे, अळ्या डावीकडे, ही फाळणी आमच्या संसारात निष्ठेने पाळली जाते. तो डबा, गळ आणि बादली मी टॅमसिनच्या हातात दिली.

"मेरिलिन गळ्यात स्कार्फ घालायचं टाळेल," मी सांगितलं. "घालायला लावा. आणि झाकण नीट—"

झाकण नीट नव्हतं.

पांढऱ्या बुटांवर पडलेल्या अळ्या वेचायला ग्लेनिस आणि मी दोघेही गुडघ्यांवर बसलो. माझी पाठ आणि माझं लंगडणं यांपैकी आधी काय सांभाळावं ते मला कळेना. टॅमसिन भली पोर. ती फक्त एकदा किंचाळली आणि मग म्हणाली, "क्लेम, मी ती नाही. मी स्थानिक समन्वयक. मेरिलिनला काय हवं ते समजून घेणं, योजना कशी चालते ते सांगणं आणि सगळी माहिती वर पाठवणं हे माझं काम. वर आराखडा मंजूर करणारे वेगळे असतात."

"मग धक्क्यावर कोण जाणार?"

"ते अजून बरंच पुढे आहे," ती म्हणाली. "आणि एक विचारू? मघाशी तुम्ही डाव्या पायाने लंगडत होता. आता उजव्या."

मागच्या दारातून नुकतीच आत आलेली मेरिलिन इतकी हसली की तिच्या खुर्चीचा हॉर्न वाजला.

चहा झाला. टॅमसिनने मेरिलिनला विचारलं, "सकाळचं कसं करता?"

"सकाळी मी जातो," मी म्हणालो. "पडदे उघडतो. तिला लापशी आवडते, पण दाट नाही."

"आणि आंघोळ?"

"ग्लेनिस मदत करते. पाणी मी पाहतो, फार गरम चालत नाही तिला."

"मला दाट लापशी आवडते," मेरिलिन म्हणाली.

"कधीपासून?"

"जन्मापासून. तू पातळ करतोस म्हणून मी पातळ खाते."

टॅमसिनने कप खाली ठेवला. "मेरिलिन, या आराखड्यात तुमची उद्दिष्टं लिहितात. तुम्हाला आयुष्यात काय करायचं आहे, ते. मोठंच असावं असं नाही."

मी घसा खाकरला.

"क्लेम," टॅमसिन म्हणाली, "मेरिलिनला सांगू देत."

मेरिलिनने खिडकीबाहेर पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, कोणी मीठ मागावं तसं म्हणाली, "मला क्लेमशिवाय मासे पकडायला जायचं आहे."

ग्लेनिसने लॅमिंग्टन केकची ताटली सगळ्यांपुढे फिरवली. असल्या प्रसंगी आमच्याकडे दुसरं काय करायचं ते कोणाला ठाऊक नसतं.

"माझी पाठ बरी होईपर्यंत, असं म्हणायचं आहे तिला," मी टॅमसिनला समजावलं.

"नाही," मेरिलिन म्हणाली. "तसं नाही."

ते लिहून घेतलं गेलं. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझा केक खात. मग टॅमसिनने माझ्याकडे वळून, माझं समाधान व्हावं म्हणून असेल, सांगितलं, "तुम्हालाही यात जागा आहे बरं का. तुम्ही आणि ग्लेनिस म्हणजे मेरिलिनचा अनौपचारिक आधार."

इतकी वर्षं मी पाणी कोमट केलं, गोळ्या मोजल्या, चाकांना तेल घातलं. त्या सगळ्याला सरकारदरबारी हे नाव होतं. मी ते नाव घेऊन कुंपणापाशी गेलो.

"अनौपचारिक?" डार्सीने विचार केला. "म्हणजे टाय न लावता दिलेला."

रात्रीची भांडी घासताना मी ग्लेनिसला विचारलं, "असं का म्हणाली असेल ती?"

"तू मासे धरताना बोलतोस, क्लेम."

"मी माहिती देतो."

"पाण्यातल्या माशालाही," ग्लेनिस म्हणाली आणि माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून गेली.

मी मनाला लावून घेतलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. ते मी मुद्दाम सगळ्यांना सांगितलंही, की बघा, मी दाखवत नाहीये.

वसंतात आराखडा मंजूर होऊन आला. मंजूर करणारा माणूस कोण, कुठे बसतो, याबद्दल आमच्या गावाला देवाइतकीसुद्धा माहिती नव्हती. देवाचं निदान चर्च तरी आहे. पण मेरिलिन खुशीत होती. आठवड्यातून काही तास मदतनीस, घरात आंघोळीची नीट सोय, आणि शनिवार.

त्यानंतरच्या आठवड्यात दारावर एक अनोळखी बाई उभी राहिली. सावळी, चष्मेवाली, हातात फाईल. "मी ओडेट व्हेला. मेरिलिनची समन्वयक."

आता मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. गावात फसवणुकीच्या गोष्टी चालूच असतात. परवाच डार्सीला फोनवरून कोणीतरी सौरऊर्जेचं छप्पर विकलं होतं. मी दार अर्धंच उघडं ठेवलं. "आमच्याकडे एक समन्वयक आधीच आहे," मी म्हणालो. "टॅमसिन. अळ्यांना न घाबरणारी. दुसरी नको."

"ती स्थानिक समन्वयक. मी सहाय्य समन्वयक."

"बाई," मी म्हणालो, "एका गाढवाला दोन शेपट्या कशाला?"

हे वाक्य मला बोलताना फार झकास वाटलं होतं. दार लावून घेतल्यावर ग्लेनिसने ऐकलं आणि ती नुसती खुर्चीवर बसली. ती बाई ॲडलेडहून दोन तास गाडी हाकत आली होती. मेरिलिनने तिला बोलावलं होतं. मेरिलिन तेव्हा पेस्टी, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या, आणायला बेकरीत गेली होती, परत येऊन तिला भेटणारच होती.

आम्ही बाहेर धावलो तोवर गाडी गेली होती. पुढचं डार्सीने सांगितलं, कारण तो तिथे होता. जिथे मी नसतो तिथे तो असतो. ओडेटला परतीच्या आधी भूक लागली. ती बेकरीत शिरली. तिथे व्हीलचेअरमधल्या एका बाईने तिला विचारलं, "तुम्हाला कोणी दारातून हाकललंय का हो? चेहऱ्यावरून वाटतंय. उंच, टकला, स्वेटरची बटणं चुकलेला?" मग दोघींनी एका टेबलावर बसून, पेस्टी खात, सगळं ठरवून टाकलं. कोणत्या संस्थेकडून मदतनीस घ्यायची, कोणत्या वारी यायची, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या कोण बसवणार, एखादीशी पटलं नाही तर बदलायची कशी. पैसे मंजूर होणं एक आणि त्यातून खरी माणसं शोधून कामाला लावणं दुसरं. ते दुसरं काम ओडेटचं.

"आणि मला कोणी विचारलं नाही?" मी म्हणालो.

"तुझं नाव निघालं होतं," डार्सी म्हणाला. "पण दोघी हसत होत्या, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही."

मी ओडेटला फोन करून माफी मागितली. तिने मोठ्या मनाने ती घेतली. शेपटीबद्दल मात्र ती अजून विचारते.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी नसतो. पुढच्या सोमवारी फोन वाजला. पलीकडून गोड आवाज आला, "मी बार्नबी. मेरिलिनचा आराखडा व्यवस्थापक."

व्यवस्थापक! माझ्या अंगावर रोमांच आले. इतके दिवस मी समन्वयकांशी डोकं फोडत होतो, आणि हा खरा साहेब. सगळ्यांच्या वरचा. मी फोन टेबलावर ठेवला, स्वेटरची बटणं नीट लावली, आणि मग बोलायला बसलो. न्हाणीघरातल्या दांड्या अजून आल्या नाहीत. मेरिलिनच्या खुर्चीचं चाक कुरकुरतं. टॅमसिन चांगली आहे, पण तिला योग्य बूट द्या. माझ्या पाठीचं काय? आणि 'अनौपचारिक' हा शब्द बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

बार्नबीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "सर, मी बिलं भरतो."

"म्हणजे?"

"मदतनीस येऊन गेली की तिची संस्था मला बिल पाठवते. मी तपासतो, भरतो, आणि किती शिल्लक राहिलं ते मेरिलिनला कळवतो. तेवढंच."

"पण तुम्ही व्यवस्थापक आहात!"

"बिलांचा, सर."

मला त्याची कणव आली. इतकं मोठं नाव आणि हाताखाली एक माणूस नाही. त्यानंतर आमची मैत्री झाली. मी त्याला दर सोमवारी फोन करू लागलो. त्याला आमच्या धक्क्यावर मिळणाऱ्या, शाई सोडणाऱ्या म्हाकुळांची फार उत्सुकता. शेवटी मेरिलिननेच ते बंद केलं. "त्याचं काम अडतं, क्लेम. आणि तो माझा व्यवस्थापक आहे. तुला हवा तर तू तुझा घे."

अखेर ती आली. खरी. मदतनीस. शुक्रवारी संध्याकाळी ओळख करून घ्यायला यायची होती, आणि तोवर मी एवढं पक्कं शिकलो होतो, की दारात आलेल्या बाईच्या हातात बादली द्यायची नाही. म्हणून नोएलीन शुल्झ दारात उभी राहिली तेव्हा मी तिला बैठकीच्या खोलीत नेलं. ही खोली आमच्याकडे पाद्री आणि मृत्यू यांच्यासाठीच उघडते. ग्लेनिसच्या आईच्या कपांत चहा दिला. मेरिलिनच्या आजाराचा इतिहास सांगितला, उद्दिष्टांचं वाचन केलं, स्थानिक समन्वयक आणि सहाय्य समन्वयक यांतला भेद उलगडून दाखवला.

नोएलीन म्हणजे भरदार अंगाची, उन्हाने रापलेली बाई. आधी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वयंपाकीण होती. तीस भुकेल्या बाप्यांना गप्प बसवायची तिला सवय. तिने कप एका घोटात रिकामा केला.

"ते सगळं असेल रे क्लेम," ती म्हणाली. "मी उद्या मासे धरायला येणार आहे. बाई कुठंय?"

मेरिलिन दारातच होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"उजवा हात?" नोएलीनने विचारलं.

"नावाला आहे."

"आमिष कोण लावतं?"

"तू."

"आणि बोलतं कोण?"

"कोणी नाही," मेरिलिन म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी उगीचच कप गोळा करायला लागलो.

शनिवारी सकाळी त्या दोघी गेल्या. फाटकापासून खुर्चीची घरघर ऐकू येत होती, मग ती समुद्राच्या आवाजात मिसळली. मी घरात राहिलो. वर्तमानपत्र वाचलं. तेच पान पुन्हा वाचलं. मेरिलिनचे पडदे उघडायला गेलो, ते तिने उघडलेले होते. खुर्चीला घालायच्या तेलाची बाटली धुतली. ग्लेनिस म्हणाली, "क्लेम, तू एकतर बस, नाहीतर बाहेर जा. मांजरसुद्धा कंटाळलं."

मी बाहेर गेलो. बाहेर म्हणजे डार्सीच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात. तिथून अख्खा धक्का दिसतो, आणि डार्सीकडे दुर्बीण आहे. तो म्हणतो पक्ष्यांसाठी आहे.

"मी काही पाळत ठेवायला आलो नाही," मी म्हणालो.

"छे छे," तो म्हणाला. "तू पेलिकन बघ."

मी पेलिकन बघितले. पेलिकनांच्या शेजारी, धक्क्याच्या जवळजवळ टोकाला, मेरिलिनची खुर्ची होती. सगळं शांत होतं. मग एकाएकी मेरिलिन खुर्चीत पुढे वाकली, खूपच वाकली. नोएलीन दोन्ही हात वर करून नाचल्यासारखी करू लागली. तिचं तोंड उघडं दिसत होतं. आसपासची माणसं धावली.

"चाक!" मी ओरडलो. "फटीत चाक अडकलं! ती पाण्यात जाणार!"

जिना उतरता उतरता मी टॅमसिनला फोन लावला. तिने उचलला नाही, शनिवार होता. मी निरोप ठेवला. ओडेटलाही निरोप ठेवला. नक्की काय बोललो ते आठवत नाही, पण 'शेवटचं' हा शब्द त्यात होता असं ती म्हणते. बार्नबीने मात्र उचलला.

"बार्नबी, मेरिलिन धक्क्यावर अडकली आहे!"

"सर, मी ॲडलेडला मुलीच्या वाढदिवसाला आहे."

"मग कोणाला तरी पाठव!"

"सर, मी फक्त—"

"माहीत आहे!" मी फोन खिशात कोंबला आणि पळालो. डॉक्टरांनी उचलू नको म्हटलं होतं. पळू नको असं म्हटलं नव्हतं. मागून डार्सी त्याचा दुखरा गुडघा घेऊन येत होता. खेकड्यांच्या जाळ्या न्यायची त्याची छोटी गाडी तो ओढत होता. का, ते मी अजून त्याला विचारलेलं नाही. लांबच लांब धक्का, दोन्ही बाजूंना गळ टाकून बसलेलं सगळं गाव, आणि मधून मी, स्वेटर उडवत, "मेरिलिन! बटण दाब! मागचं बटण!" असं ओरडत. मी पोचलो, आणि मला दिसलं.

मेरिलिनच्या डाव्या हातात गळाची काठी कमानीसारखी वाकली होती. तिने दोरी दातात धरली होती. नोएलीन लांब दांड्याची जाळी परजत ओरडत होती, "धर! सोडू नकोस! धर पोरी!" आणि खाली पाण्यातून एक म्हाकूळ वर येत होतं.

त्याच क्षणी ते जाळीत आलं, फळ्यांवर आलं आणि त्याने आपल्या पोटातली सगळी शाई माझ्या वाटेत ओतली. माझे दोन्ही पाय वेगवेगळ्या गावांना निघाले. धक्क्यावर बसलेला धक्का असा असतो हे मला त्या दिवशी कळलं. पाठीत पुन्हा तोच आवाज झाला आणि मी आकाशाकडे तोंड करून पडलो, एका बाजूला पेलिकन, दुसऱ्या बाजूला म्हाकूळ.

मेरिलिनने दातातली दोरी सोडली. "क्लेम," ती म्हणाली, "तू इथे काय करतोयस?"

"पेलिकन बघत होतो," डार्सी धापा टाकत म्हणाला.

मला हलता येईना. रुग्णवाहिका शेजारच्या गावाहून यायची आणि धक्क्यावर गाडी येत नाही. शेवटी नोएलीनने निर्णय घेतला. तिने मला बगलेत धरून डार्सीच्या गाडीत, जाळ्यांवर ठेवलं, आणि गाडीची दोरी मेरिलिनच्या खुर्चीच्या मागे बांधली. मी विरोध केला. मी गावचा माजी औषधविक्रेता आहे, याची आठवण दिली.

"बस रे," मेरिलिन म्हणाली. "मी आहे ना."

आणि तिने बटण दाबलं.

तो प्रवास मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. चालण्याच्या वेगाने, फळीफळीला हबकत, माझ्या बहिणीने मला अख्ख्या धक्क्यावरून ओढत आणलं. दोन्ही बाजूंना माणसं गळ बाजूला ठेवून उभी राहत होती. कोणीतरी टोपी काढली. एका लहान मुलीने आईला विचारलं, "हा तिने पकडला का?" म्हाकूळ माझ्या मांडीवर बादलीत होतं. मेरिलिनची पाठ ताठ होती, आणि मध्येच ती हॉर्न वाजवत होती. त्याची काही गरज नव्हती.

घरी मला बैठकीच्या खोलीत जमिनीवर निजवलं. दुपारभर फोन वाजत राहिले, आणि जमिनीवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यातला कोणाचं काम काय हा सगळा गुंता अखेर सुटला. ओडेटने मेरिलिनला विचारलं, नोएलीन बरी आहे का, शनिवार असाच चालू ठेवायचा ना. आणि नोएलीन कधी आजारी पडली तर दुसरी कोण, तेही ठरवून घेतलं. टॅमसिनला सोमवारपर्यंत दम निघाला नाही. तिने कळवलं की जवळच्या गावात घरच्या माणसांची काळजी घेणाऱ्यांचा एक गट भरतो, आणि क्लेमने जावं, बोलायला आवडणाऱ्यांना तो फार मानवतो. बार्नबीचा फोन शेवटी आला. मागे मुलं गात होती. "सर, खेकड्याच्या गाडीचं बिल मला भरता येणार नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "केवढं होतं ते म्हाकूळ?"

आणि नोएलीन? ती ठरलेल्या वेळी उठली, बादली धुतली, "पुढच्या शनिवारी" म्हणाली आणि घरी गेली.

संध्याकाळी ग्लेनिसने म्हाकूळ तळलं. मेरिलिन ताटली मांडीवर घेऊन माझ्या डोक्याशी खुर्ची लावून बसली. खालून मला तिची हनुवटी आणि छत दिसत होतं. हसलं तरी माझी पाठ दुखत होती.

"तुला इतका कंटाळा आला होता माझा?" मी शेवटी विचारलं.

"कंटाळा?" ती वाकून माझ्याकडे बघायला लागली. "मूर्ख आहेस तू. कंटाळा नाही रे."

"मग?"

तिने एक तुकडा माझ्या तोंडात घातला. डाव्या हाताने, जरा वेंधळेपणाने. मीठ माझ्या कानात गेलं.

"तू बाहेरून आलास की सांगतोस. डार्सी काय म्हणाला, बेकरीत कोण भेटलं, काय झालं. ग्लेनिस सांगते. मी कुठेही गेले तरी तू बरोबर. मी जे पाहिलं ते तू पाहिलेलं. किती वर्षं झाली, क्लेम, मला घरी येऊन तुला सांगायला एकसुद्धा गोष्ट नाही."

मी छताकडे पाहत राहिलो. छताला एक तडा आहे, तो बुजवायचा राहिलाय. मला त्याच्याकडे बराच वेळ पाहावं लागलं.

"आणि आज एक मिळाली," ती म्हणाली, "तर तू तिच्यातच येऊन पडलास."

"मी शेवटी आलो," मी म्हणालो. "शाई सांडल्यावर. त्याआधीचं मला काहीच ठाऊक नाही."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. डार्सीची दुर्बीण किती लांबचं दाखवते हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"खरंच?"

"पेलिकन बघत होतो."

तिने ताटली बाजूला ठेवली, खुर्ची थोडी मागे घेतली, आणि सांगायला जागा करावी तशी डाव्या हाताने समोरची हवा मोकळी केली. "बरं, ऐक. सकाळी पोचलो तर पाणी असं काळंशार. नोएलीन म्हणते इथेच टाकू. मी म्हटलं नाही, टोकाला. तिथे कोणी जात नाही, पण तिथे गवत आहे खाली. टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. काही नाही. आणि मग, क्लेम, दोरी अशी हळूच, अगदी हळूच..."

तिथे गवत नाही, वाळू आहे. मला ठाऊक आहे. आणि म्हाकूळ होतं वीतभर. तिचा हात ते एव्हाना तिच्या खांद्याएवढं मोठं दाखवत होता.

"मग?" मी म्हणालो. "मग काय झालं?"